उतारवयाची साधने

भिलाईच्या कारखान्यातून 260 मीटर लांबीचे जोडरूळ बाहेर पडतात. एका गाडीत न मावणारा तो रूळ अनेक वाघिणींवर मिळून लादावा लागतो. हे पोलाद ज्या हातांनी ओतले आणि लाटले, त्या हातांना म्हातारपणी न्हाणीघरात आधाराला दीड हात लांबीची नळीदेखील पुष्कळदा मिळत नाही. गोष्ट लहान आहे. पण ज्या घरात पाय घसरून मांडीचे हाड मोडते, त्या घराला ती लहान वाटत नाही.

सोविएत रशियाशी करार झाला तो 1955 साली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज छत्तीसगडात असलेले हे गाव त्या वेळी मध्यप्रदेशात होते, आणि 1956 पर्यंत त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे नागपूर-भंडाऱ्याकडच्या मराठी तरुणाला भिलाई परमुलूख वाटण्याचे कारण नव्हते. आगगाडीत बसावे आणि नोकरीवर रुजू व्हावे, इतके ते जवळ! त्या विशीतल्या तरुणाने आता पंचाऐंशी ओलांडली आहे. त्याच्या मागून भरती झालेलेही एकेक करून निवृत्त झाले. मुले पुण्याला, बंगळूरला, कोणी परदेशी. घरे मात्र तरुण माणसांच्या हिशेबाने बांधलेली : उंच उंबरठा, गुळगुळीत फरशी, उकिडवे बसावयाचे शौचकूप आणि मुठीत धरून पिळावयाचा नळ.

वय वाढते म्हणजे नेमके काय होते, हे साधने घडविणाऱ्याने आधी समजून घ्यावयास हवे. विशीतल्या डोळ्याच्या आतील पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्यात पोहोचतो. म्हणून ‘दिवा तर लावलाच आहे’ हे सुनेचे म्हणणेही खरे आणि ‘मला दिसत नाही’ हे सासूबाईंचे म्हणणेही खरे. कानाला उंच पट्टीचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात. दाराच्या घंटेचा किणकिणाट ज्यांना कळत नाही, त्यांना खर्जातला ठोका कळतो. सांधे धरले की चिमटीत पकडणे आणि पिळणे या दोन क्रिया सर्वांत अवघड होतात. गोल मुठीचा नळ हाताला नेमक्या याच दोन क्रिया करावयास लावतो. त्याच जागी लांब दांडीचा नळ बसविला, तर तो कोपरानेही ढकलता येतो. तरफेचा हा नियम कारखान्यातल्या माणसाला कोणी शिकवावयास नको.

अमेरिकेत सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाच्या पत्नीला संधिवात होता. साल काढण्याची सुरी तिच्या हातात नीट बसेना, एवढ्यावरून त्याने जाड, मऊ रबरी मुठीची स्वयंपाकाची हत्यारे तयार करविली. ती 1990 साली ‘ऑक्सो’ या नावाने बाजारात आली आणि ज्यांचे हात धडधाकट होते त्यांनीही उचलली. त्यांवर ‘रुग्णांसाठी’ अशी पाटी नव्हती, हे त्यातले मर्म. म्हातारी माणसे साधनांना नाकारतात ती हट्टाने, असे घरचे समजतात. पुष्कळ वेळा ती नाकारतात ते त्यांवरचा इस्पितळाचा वास.

आपल्याकडे तर काही गोष्टी आयत्याच आहेत. विळी घ्या. सुरीला मनगटाची पकड लागते. विळीचे पाते स्थिर असते आणि भाजी पात्यावर सरकते. एका हाताने काम करणाऱ्यांसाठी पाश्चात्त्य देशांत खिळे बसविलेला चिरण्याचा पाट मिळतो, त्यात वस्तू स्थिर धरण्याची जी युक्ती आहे, तिची विळी ही थोरली बहीणच. अडचण एकच : तिच्यासमोर जमिनीवर बसावे लागते आणि गुडघे ऐकत नाहीत. ओट्यावर ठेवावयाच्या पाटाला जोडलेली विळी मिळते. ती पाट न हलेल अशी पक्की बसविली की आजींची भाजी आजींनाच चिरता येते. तांब्याची गोष्ट मात्र उलटी. पाण्याने भरलेला गुळगुळीत तांब्या गळ्याशी आवळून उचलावा लागतो. तेथे कान असलेले भांडेच बरे, मग देवघरातला तांब्या देवघरात राहो.

काठीविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण ती सर्वांत जुनी आणि सर्वांत चुकीची वापरली जाते. ताठ उभे राहून हात सैल सोडला असता मनगटाच्या वळीपर्यंत काठीची मूठ यावी. दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात हवी. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. टोकाचे रबर झिजले की बदलावे, नाहीतर ओल्या फरशीवर तीच काठी घात करते. केंद्र सरकारने 2017 साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना काठ्या, चष्मे, श्रवणयंत्रे विनामूल्य देण्याची तरतूद झाली. पण काठी देणे आणि ती त्या माणसाच्या उंचीला कापून देणे, ही दोन निराळी कामे आहेत. दुसरे काम कोणत्याही योजनेला घरी येऊन करता येत नाही.

आता त्या नळीकडे वळू. तिची जाडी सुमारे 4 सेंटिमीटर असावी, म्हणजे मूठ पुरती मिटते. भिंतीपासून 5 सेंटिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे बोटे घासत नाहीत. ती पोकळ गिलाव्यात न ठोकता विटेत घट्ट रोवावी. ऐन भाराच्या वेळी उपटून हातात येणारा आधार नसलेल्या आधाराहून वाईट. उंची मात्र गवंड्याने ठरवू नये, मुलानेही ठरवू नये. आजोबांना कोरड्या न्हाणीघरात स्टुलावर बसवावे, उठावयास सांगावे आणि त्यांचा हात आपोआप भिंतीवर जेथे टेकतो, तेथे खडूने खूण करावी.