फूटपट्टी की केरसुणी?



१९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली गेली. अशाने जातीचाच धंदा शाळेच्या वाटेने पुन्हा आपल्या घरी येईल, ही आपली शंका रास्त आहे. तथापि दरेकसा येथील बालकास बांबूची टोपली विणावयास बसविणे निराळे, आणि नाल्यावरील पूल मोजून, कागदावर रेखाटून, त्याची प्रतिकृती करावयास शिकविणे निराळे. बांबूच्या काड्यांची चौकट हलते. तीत एक तिरपी काडी बांधताच दोन त्रिकोण होतात व ती ताठ उभी राहते. असे का, हे त्यास विचारू द्या. चौथीतल्या मुलास ते कळते. हस्तकामाच्या तासास आपल्या पाल्याच्या हाती फूटपट्टी असते की केरसुणी, हे उद्याच शाळेत जाऊन पाहा.