वस्ताद कोण होणार?

(बुलढाण्यातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण, थोडं आवरून)



खेळात जात नसते असं जे सांगतात ते मैदानात कुठं उभे असतात ते आधी बघा. ते कडेला सावलीत असतात, गळ्यात शिट्टी अडकवून. धावतं आपलं पोट्टं, घाम त्याचा, गुडघेही त्याचेच फुटतात. मला आज त्या शिट्टीबद्दल बोलायचं आहे.

खेळाडू म्हणून ते आपल्याला घेतात. घ्यावंच लागतं, नाहीतर हरतील. पण शिकवणारा म्हणून घेताना यांच्या पोटात गोळा येतो. कारण खेळाडूला हुकूम द्यायचा असतो आणि शिकवणाऱ्याचा हुकूम ऐकायचा असतो. त्याच्या पायाला हात लावावा लागतो. पाटलाचं पोरगं आपल्या माणसाच्या पायाला हात लावील?

लावत होतं! लहुजी वस्ताद साळवे आठवा. मातंगाच्या घरात 1794 साली जन्मलेले. पुण्यात त्यांची तालीम होती. दांडपट्टा, कुस्ती शिकवत. जोतीराव फुले त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तेव्हा वस्तादाला कुणी सर्टिफिकेट मागत नव्हतं, त्याचा हात बघत होते.

आता बाळू पालवणकर घ्या. चांभाराचा पोरगा, पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करायचा. ग्रेग नावाच्या साहेबाला तासन् तास गोलंदाजी टाकायचा. साहेब बाद झाला की आठ आणे द्यायचा म्हणतात. त्या आठ आण्यांच्या चेंडूंवर साहेब फलंदाजी शिकला. मग साहेबाचा कोच कोण झाला? पण असं कुणी लिहिलं नाही. बाळूच्या हाती बॅटही देत नव्हते, फलंदाजी साहेबांची. पुढं हिंदूंच्या संघात त्याला घेतलं, तर चहा वेगळ्या भांड्यात, मैदानाच्या बाहेर. 1911 साली हिंदी संघ विलायतेला गेला तेव्हा बाळूनं 114 बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. ते 1923 साली मिळालं त्याच्या भावाला, विठ्ठलला. (1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून त्याचे 114 बळी आपण सोडायचे नाहीत.)

त्या 1911 च्या संघाचा कर्णधार होता पतियाळाचा महाराजा. आणि भारतात कोच तयार करणारी सगळ्यात मोठी संस्था, एन.आय.एस., 1961 साली निघाली ती कुठं? पतियाळाला, त्याच राजघराण्याच्या मोतीबाग राजवाड्यात! राजाचा वाडा कोचांचा कारखाना झाला, चांगलंच झालं. पण बाळूच्या नातवाला त्या वाड्याच्या फाटकातून आत जायला काय काय लागतं?

पदवी लागते. वरच्या पातळीवर खेळल्याचा कागद लागतो. वर्षभर घर सोडून राहावं लागतं. फी आहे, रेल्वेभाडं आहे, शिकवणी मराठीत नाही. सहा आठवड्यांचा छोटा कोर्स आहे म्हणतात. बरोबर आहे. पण तो उन्हाळ्यात आला तर जूनमध्ये इथं पेरणी सुरू होते, ती मजुरी बुडाली तर चूल कोण पेटवणार? लोणार-सिंदखेड राजाकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला पोरगा पतियाळाला वर्षभर जाईल काय? या अटींत जातीचा शब्द कुठं नाही. म्हणूनच त्या पक्क्या आहेत.

वर आपल्याला ऐकवतात, गुणवत्ता नको काय? अरे बापा, हवी! 2023 साली शांघायच्या विश्वचषकात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं धनुर्विद्येत सोनं घेतलं. शिकवणारा हाताशी असला तर या जिल्ह्यातून जग जिंकता येतं, एवढं त्यानं दाखवून दिलं. आता जळगाव जामोद, संग्रामपूरकडं चला. सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू आहेत, भिलाला आहेत. धनुष्य ज्यांच्या आज्या-पणज्याच्या खांद्यावर होतं त्यांच्या पोरांना स्पर्धेचं धनुष्य पाहायला मिळत नाही, ते लाखांच्या घरात जातं. आणि त्यांच्याच भाषेत शिकवणारा त्यांच्यातला माणूस तयार करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. सरकारनं 1985 पासून कोचांना पुरस्कार सुरू केला, त्याला नाव काय दिलं? द्रोणाचार्य! अंगठा कापून घेणाऱ्याचं! नाव ठेवताना एकानंही मान वर करून विचारलं नसेल?

आणि आपल्या बहिणी? सिंदखेड राजा आपल्या जिल्ह्यात. प्रत्येक भाषणात जिजाऊंनी शिवबा घडवला असं सांगतात, टाळ्या घेतात. मग जिल्ह्यातल्या मैदानांवर शिट्टी घातलेल्या बाया मोजा. त्यातल्या वस्तीतून आलेल्या किती, तेही मोजा. मुलींना खेळायला घरून का पाठवत नाहीत म्हणून गळा काढणारे, मुलींना शिकवायला बाई का नाही हे विचारत नाहीत. आपल्या घरातले बापेही यात आहेत, त्यांनी खाली बघू नये, ऐकावं.

आता कामाचं. वस्तीमागच्या मोकळ्या जागेत कबड्डी शिकवणारा एक तरी पोरगा तुमच्या गावात आहे. संघ तो बांधतो, रात्री बल्ब लावून सराव तो घेतो. स्पर्धेचा अर्ज भरताना मार्गदर्शकाच्या रकान्यात नाव येतं दुसऱ्याचं. दहा वर्षं शिकवूनही त्याच्याजवळ एक कागद नाही आणि कागद नाही म्हणून पुढचा कोर्स नाही. ही चोरी त्या रकान्यातच होते. तेव्हा येत्या शालेय स्पर्धांपासून त्या रकान्यात खऱ्या माणसाचं नाव लिहून घ्यायचं. अर्जाची प्रत ठेवायची. नाव खोडलं तर दहा जण मिळून जायचं, एकट्यानं नाही.

आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडं आपण निवेदन देतो आहोत. प्रशिक्षण बुलढाण्यात द्या, मराठीत द्या. बुडालेल्या मजुरीएवढं विद्यावेतन द्या. शिकवण्याची वर्षं पात्रतेत धरा. कोर्सला कुणाला पाठवलं त्याची यादी फळ्यावर लावा, जात आणि बाई-पुरुष यांच्या आकड्यांसकट. यादी दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागू, कायदा 2005 पासून आहे.

निवेदनाचे कागद मागच्या टेबलावर आहेत. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. हा आपण आपल्या हातानं देतो आहोत.

जय भीम!