राणीची हौस, दुसऱ्याचा खर्च



इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या कपड्यांचा विषय निघाला की हल्लीचे अभ्यासक तडक राजकारणात शिरतात. एकटी, अविवाहित राणी, भोवती सगळे पुरुष, म्हणून तो झगमगाट म्हणजे तिचं चिलखत, असं सांगतात. खोटं नाही ते. पण त्या भरात एक साधी गोष्ट बाजूला पडते. तिला कपड्यांची मनापासून हौस होती. आणि हौशी माणसाचा हात सैल असतो म्हणतात, हिचा मात्र चांगला आखडता होता.

आधी हौस बघू. १५६४ साली स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिचा वकील म्हणून सर जेम्स मेलव्हिल लंडनला आला. त्याच्या मुक्कामात राणी एके दिवशी इंग्रजी धाटणीचा पोशाख करी, दुसऱ्या दिवशी फ्रेंच, तिसऱ्या दिवशी इटालियन. मग तिनं विचारलंच, मला कुठला शोभतो? मेलव्हिल मुरलेला दरबारी होता, तो म्हणाला, इटालियन. राणी खूश, कारण त्या पेहरावात तिचे लालसर सोनेरी केस झाकले जात नसत. पुढे मेलव्हिलनंच हे आपल्या आठवणींत लिहिलं. आता यात परराष्ट्रधोरण शोधायचं तर शोधा! मला तरी आरशासमोरून न हलणारी एकतिशीची बाई दिसते.

सन १६०० मध्ये तिच्या पोशाखांची मोजदाद झाली. फ्रेंच पद्धतीचे १०२ गाउन, सैल गाउन १००, आत घालायचे कर्टल १२६. आकडे डोळे दिपवतात, पण तेव्हा पोशाख अखंड शिवलेला नसे. बाह्या वेगळ्या, घागऱ्याचा पुढचा भरतकामाचा पट्टा वेगळा, गळ्याची कडक झालर वेगळी. सगळं रोज अंगावर नाड्यांनी बांधायचं नाही तर टाचण्यांनी टाचायचं. त्यामुळे एका गाउनच्या बाह्या दुसऱ्याला लावून तिसराच पोशाख उभा करता येई. राणीचे शिंपी, आधी वॉल्टर फिश आणि नंतर विल्यम जोन्स, यांची बिलं पाहिली तर नव्या शिलाईच्या जोडीला दुरुस्तीची कामं पानोपानी भेटतात. अस्तर बदल, चोळीचा भाग नवा लाव, जुनी बाही काढ, असली.

याहून बोलका कागद म्हणजे तिच्या वस्त्रागाराची वही. १५६१ पासून १५८५ पर्यंतच्या नोंदी तिच्यात आहेत. कुठला गाउन कुठल्या मानकरणीला दिला हे आहेच, पण राणीच्या अंगावरून काय गळून पडलं हेही लिहिलंय. १५६८ च्या जानेवारीत वेस्टमिन्स्टरला जांभळ्या मखमली गाउनवरचं निळ्या मीनाकामाचं एक सोन्याचं टोक, म्हणजे नाडीच्या शेवटी बसवायचं टोपण, हरवलं. तशी टोकं गाउनभर दोन आकारांची होती, आणि हरवलं ते मोठ्यातलं, अशीही नोंद कारकुनानं केलीय. टोपीवरचं एखादं लहान रत्न गेलं, तर तेही वहीत. राजवैभव काय ते चित्रांत बघावं. वहीत बघावा तो हिशेब.

आणि नव्या वर्षाच्या भेटी! दरबारातल्या प्रत्येकानं राणीला काहीतरी द्यायचं, हा शिरस्ता. कुणी पैशांची थैली देई, पण चाणाक्ष लोक कपडे देत. श्रुसबरीची काउंटेस बेस हार्डविक हिनं १५७६ च्या भेटीआधी राणीच्या जवळच्या बायकांकडे बारीक चौकशी केली, आणि सल्ल्यानुसार निळ्या साटिनचा झगा करवला. रंग आणि वेगळ्या धर्तीची कलाकुसर राणीला फार आवडली, असं दरबारातून कळवल्यावर बेसचा जीव भांड्यात पडला असणार. म्हणजे हौस राणीची, बिल श्रुसबरीच्या घरचं. मेरी स्टुअर्टचे मोती विकायला निघाले तेव्हा मात्र एलिझाबेथनं फ्रान्सची राजमाता कॅथरिन द मेडिची हिच्या वर बोली लावून ते स्वतःच्या पैशानं घेतले. तिथं काटकसर आठवली नाही.

     

प्रजेला मात्र कायदा होता. जरतारी कापड कुणी घालावं, जांभळं रेशीम कुणी, याचं १५७४ चं फर्मान ग्रीनिचहून निघालं. परदेशी मालापायी देशाचा पैसा जातो आणि तरुण पोरं नटण्यापायी जमिनी गमावतात, ही त्यामागची तक्रार. लंडनच्या बिशपनं एकदा राणीसमोरच नटण्याथटण्याविरुद्ध प्रवचन झोडलं. तिनं आपल्या बायकांना सुनावलं, की बिशपनं पुन्हा हा विषय काढला तर मी त्याला स्वर्गाला धाडीन, पण काठीशिवाय आणि झग्याशिवाय! हे तिचा धर्मपुत्र जॉन हॅरिंग्टन सांगतो.

इतक्या कपड्यांतलं उरलं किती? १६०३ मध्ये ती गेली. पुढच्याच जानेवारीत हॅम्प्टन कोर्टात नव्या राजाच्या राणीच्या नाट्यखेळासाठी तिचे पोशाख बाहेर काढून कापले गेले. हेरफर्डशरमधल्या बॅक्टन गावच्या चर्चमध्ये मात्र एक वेदीवस्त्र होतं. पांढऱ्या रेशमात चांदीची तार विणलेली, वर फुलांचं भरतकाम. राणीची जन्मभराची सेविका ब्लांश पॅरी त्याच गावची. एलेरी लिन या अभ्यासिकेनं ते नीट पाहिलं आणि कापडाचा पोत, भरतकामाचा दर्जा, कापाच्या रेषा यांवरून हा राणीच्या पोशाखाचा तुकडा असावा असं मांडलं. कागदी पुरावा नाही, पण मला ते पटतं. भरतकाम थेट त्या मौल्यवान कापडावर केलंय, टाका चुकला तर छिद्र कायमचं. फुलांमधल्या मोकळ्या जागेत नंतर कुणीतरी किडे आणि प्राणी भरलेत, हात जरा कच्चा. महागाचं कापड वाया घालवायचं नाही, उसवून पुन्हा वापरायचं, ही रीत राणीच्या घरात खुद्द मालकिणीचीच होती.