आफ्रिकेचे अन्न आणि तीन गैरसमज

आफ्रिकेतील पारंपरिक अन्न म्हणजे गरिबाने कसेबसे पोट भरण्याचे साधन, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांत आढळते. खुद्द तेथील शहरांतही पांढऱ्या पावाला प्रतिष्ठा आणि भरड धान्याच्या पेजेला खेड्याचा शिक्का, असे पुष्कळदा घडते. वस्तुतः ज्वारी, नाचणी व चवळी ही पिके मूळची आफ्रिकेची. प्राचीन काळी ती भारतात आली आणि मराठी घरांत भाकरी, आंबील व उसळ या रूपांनी अशी रुजली की, त्यांचे परकेपण कोणाला आठवतही नाही.

पांढरे तेच पौष्टिक, हा पहिला गैरसमज. पूर्व आफ्रिकेत लहान मुलांना नाचणीची पेज देतात. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते; तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ते 10 मिलिग्रॅमच्या आसपास भरते. मक्याचे पीठ शुभ्र दिसावे म्हणून कोंडा व अंकुर काढून टाकले की, जीवनसत्त्वांचा मोठा वाटाही त्यांबरोबर जातो.

आंबवलेले ते नासलेले, हा दुसरा गैरसमज. इथिओपियात टेफ नावाच्या अतिशय बारीक धान्याचे पीठ आंबवून धिरड्यासारखा जाळीदार इंजेरा करतात. आंबवण्याने धान्यातील फायटिक आम्ल कमी होते आणि त्यातील लोह शरीराला अधिक प्रमाणात मिळते.

तथापि, जुन्या वळणाचे ते सारे हितकर, हा तिसरा गैरसमज अधिक घातक होय. आज आफ्रिकेचे मानले जाणारे मक्याचे पीकही मूळचे अमेरिकेचे. ते सोळाव्या शतकात तेथे पोहोचले. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानात, डॉ. सिसिली विल्यम्स यांनी अंगावर सूज येणाऱ्या व त्वचा सोलवटणाऱ्या एका बालरोगाचे वर्णन 1933 मध्ये प्रसिद्ध केले. त्या मुलांना वरचे अन्न मिळे ते मुख्यतः मक्याचे. गा भाषेत या रोगाचे नाव क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्याचा आशय. आईचे दूध तुटलेले मूल नुसत्या मक्यावर निभावू शकत नाही, हे त्या नावातच जणू सांगितले आहे.

चवळी, भुईमूग, सुकी मासळी व पालेभाजी हे पदार्थ त्याच प्रदेशांतील स्वयंपाकात नित्याचे आहेत. मासळीचा तुकडा कर्त्या पुरुषाच्या ताटात पडण्यापूर्वी त्या मुलाच्या वाटीत पडला पाहिजे.