द्वारपाल आणि आपलें नांव



कचेरींतील संगणकावरून बाहेरच्या जगाशीं संबंध जोडावयाचा म्हटला, कीं पुष्कळ ठिकाणीं वाटेंत एक द्वारपाल उभा असतो. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. अनोळखी माणसाला तो ४०७ हा क्रमांक दाखवून अडवितो आणि नांव व परवलीचा शब्द विचारतो. दोन्ही अचूक सांगूनहि कधीं कधीं दार उघडत नाहीं. आणि हा प्रसंग विशेषतः मराठींत नांव नोंदविणाऱ्यावर येतो. हा दोष नांवाचा कीं द्वारपालाचा, हें आज पाहूं.

संगणकाला अक्षर कळत नाहीं, अंक कळतो. १९६३ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ संकेतांत अवघ्या १२८ जागा आहेत. त्यांत इंग्रजीची सोय झाली. इतर लिपी दाराबाहेर राहिल्या. पुढें नवे संकेत आले आणि घोटाळा वाढला. जर्मन भाषेंतील दोन टिंबांचा ‘उ’ घ्या. ‘लॅटिन-१’ संकेतांत त्याला एक बाइट लागतो, ‘यूटीएफ-८’ मध्यें दोन. देवनागरीला लॅटिन-१ मध्यें स्थानच नाहीं. यूटीएफ-८ मध्यें ‘माधव’ या चार चिन्हांचे बारा बाइट होतात.

‘बेसिक’ नांवाच्या साध्या पद्धतींत ब्राउझर नांव आणि परवलीचा शब्द यांमध्यें अपूर्णविराम घालतो व त्या बाइटांना ‘बेस-६४’ चा वेष चढवून धाडतो. वेष उतरविल्यावर बाइट मिळतात. परंतु ते कोणत्या संकेताचे, हें त्यांवर लिहिलेलें नसतें. १९९९ चें नियमपत्र याविषयीं मौन होतें. २०१५ च्या आरएफसी ७६१७ नें मार्ग काढला. आपणांस यूटीएफ-८ हवें, असें द्वारपालानें ओळख मागतांनाच सांगावें, अशी सोय त्यानें केली.

एवढ्यानेंहि काम संपत नाहीं. ‘ऱ’ हें अक्षर एका चिन्हानें लिहितां येतें, किंवा ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन चिन्हांनीं. डोळ्यांना रूप एकच. बाइट मात्र एकदां तीन, एकदां सहा. ‘एनएफसी’ हा नियम या दोहोंचें एक रूप करतो. मात्र ‘कऱ्हाडकर’ मधील अर्धा ‘ऱ’ कोणी साधा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला, तर हा नियमहि त्याला एकरूप करीत नाहीं. तेथें नोंदवहीच्या चालकानेंच एक रूप ठरविलें पाहिजे. आणि तोच नियम नांव नोंदवितांना व तपासतांनाहि लावला पाहिजे.

‘त्यापेक्षां इंग्रजींतच नांव घ्या,’ हा सल्ला सोपा खरा. पण त्यानें द्वारपालाची उणीव माणसाच्या माथीं बसते. यंत्र आपल्यासाठीं आहे. तेव्हां नवी व्यवस्था पारखतांना पहिली चांचणी ‘माधव’, ‘कऱ्हाडकर’ अशाच नांवांनीं घ्यावी. त्यांना दार उघडलें, तर द्वारपाल खरोखर शिकलेला आहे असें समजावें.