गोळीवांचून मेलेलीं माणसें
(व्याख्यानाचा सारांश)



लढाईंत किती शिपाई पडले ह्याचा हिशेब दरबारीं राहतो. लढाईनें उपाशी मारलेल्यांचा हिशेब कोणी ठेवावा? १९४३ सालच्या बंगालची हकीकत ऐका.

मार्च १९४२ मध्यें जपान्यांनीं रंगून घेतलें आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. शत्रु समुद्रावाटे येईल ह्या भीतीनें इंग्रज सरकारनें किनाऱ्याकडील जिल्ह्यांतला शिलकी तांदूळ उचलला. दहांहून अधिक माणसें नेणाऱ्या होड्या हजारोंनीं जप्त केल्या, मोडल्या. त्या मुलखांत नदी हाच रस्ता. होडी गेली म्हणजे कोळ्याची मासेमारी गेली, कुंभाराची माती व मडकीं अडकलीं, नावाड्याचें तर पोटच गेलें. ऑक्टोबरांत मेदिनीपुरावर वादळ कोसळलें, उभें पीक बुडालें.

आतां भाव पहा. कलकत्त्यांत डिसेंबर १९४२ मध्यें तांदूळ मणास १३-१४ रुपये होता. मे १९४३ मध्यें तो ३० वर गेला. लढाईच्या खर्चानें बाजारांत पैसा फुगला, साठेवाल्यांनीं कोठारें भरलीं. फौजेची व कारखान्यांची तजवीज आधीं झाली. खेड्यांतल्या मजुराची मजुरी त्या मानानें वाढली काय? मुळींच नाहीं.

मग मेलें कोण? शेतमजूर, कोळी, नावाडी, भात कांडणाऱ्या बाया, कारागीर. घरचें भात असलेला शेतकरी त्या मानानें तगला. हुनर विकून तांदूळ घेणारा आधीं गेला. पोटांत आग पडली असतां हजामत कोण करवितो, नवें मडकें कोण घेतो? सरकारी चौकशी मंडळानें १५ लाख मृत्यु मानले. पुढील अभ्यासकांनीं तो आंकडा ३० लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ च्या ग्रंथांत हिशेब मांडला कीं, त्या सालीं बंगालांत १९४१ पेक्षां धान्य कमी नव्हतें. धान्य होतें, गरिबाच्या हातीं येण्याची वाट तुटली होती.

आणि ज्या शत्रूसाठीं होड्या मोडल्या, तो त्या वाटेनें आलाच नाहीं. भूक मात्र आली.

मे २०१८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें ठराव २४१७ करून उपासमारीचें हत्यार वापरण्याचा निषेध केला. ठराव चांगला आहे. परंतु बंगालांत कोणी उपासमार करूं म्हणून होड्या मोडल्या नव्हत्या. बंदोबस्त म्हणून मोडल्या. मरणाऱ्यास त्यानें काय फरक पडला? म्हणून लढाईच्या गोष्टी कानीं आल्या कीं एवढें विचारा: रस्ता, होडी, बाजार चालू राहणार ना? आणि दिवसभराच्या मजुरींत घरच्या चुलीपुरतें धान्य येणार ना? हें विचारणें भित्रेपणा नव्हे. ज्यांचें हातावर पोट, त्यांनीं हें आधीं विचारलें पाहिजे.