गोवर आणि शरीराचे पहारेकरी



२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली, मुले दगावली. तरीही "गोवर काय, सगळ्यांनाच निघतो" असे आपल्या घराघरांतून ऐकू येते. म्हणून हा विषाणू शरीरात कोणत्या दाराने शिरतो, तेवढेच आज सांगतो.

रक्तातील पांढऱ्या पेशी हे आपले पहारेकरी. परस्परांना संदेश देण्याघेण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर जी प्रथिने असतात, त्यांना ग्राही म्हणतात. त्यांपैकी 'सीडी १५०' या ग्राहीला चिकटून गोवराचा विषाणू पेशीत शिरतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दाखविले. म्हणजे हा चोर पहारेकऱ्यालाच धरतो! त्यातही जुन्या रोगांची आठवण ठेवणाऱ्या पेशींवर हा ग्राही असतो. त्या पेशीच मारल्या जातात. लस न घेतलेल्या डच मुलांच्या रक्ताची तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गोवरानंतर, पूर्वीच्या रोगांशी लढणारी त्यांची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. पुरळ आठवडाभरात जाते, पण मूल पुढे कितीतरी महिने न्यूमोनिया, जुलाब यांना सहज बळी पडते.

लशीतील विषाणू दुबळा केलेला असतो. तो ही आठवण पुसत नाही. पहिला डोस नऊ महिने पूर्ण होताच, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. आई माहेरी गेली की नेमका दुसरा राहतो. राहिला असल्यास पाच वर्षांपर्यंत देता येतो. कार्ड घेऊन जावे.